आधी तू जाऊन बस

मंगळवार, ४ तारीख

बारक्या,

वर आशीर्वाद लिहिला की तू पुढचं वाचत नाहीस, म्हणून लिहीत नाही. फोन तू माझा उचलत नाहीस, धाकटीचा तेवढा उचलतोस. शेवटी बायको आहे. तुझा निरोप तिनं मला जसाच्या तसा सांगितला, खाली मान घालून. "हे म्हणाले, दादाला म्हणावं आधी तू जाऊन बस तिथं. काय करतात ते बघ, मला लिहून कळव. मग मी बघतो."

तू चिडवायला म्हणालास हे कळतं मला. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्यानं दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन बसायचं. पण डॉक्टर तुझ्या पोटावर हात ठेवून जे बोलले ते मीही ऐकलं आहे. पुन्हा असाच आणलात तर माझ्या हातात काही नसेल, असं ते म्हणाले. बाहेर येऊन तू म्हणालास, त्यांच्या हातात आधी तरी काय होतं, आणि हसलास. तेव्हापासून मी एका जागी धड बसलेलो नाही. जेवताना उठतो, कापड मांडताना उठतो, देवापुढे बसलो तरी अर्ध्यातून उठून दाराशी जातो. दाराशी काही नसतं.

म्हणून आज गेलो.

कंपाउंडरनं सांगितलं होतं, जुन्या टपाल कचेरीच्या मागे, पहिला मजला, संध्याकाळी. मागे जाऊन बघतो तर तीन इमारती आणि तिन्हींना पहिला मजला. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा बसला होता. त्याला विचारलं, "इथं दारूवाल्यांची बैठक कुठं भरते?"

डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला, "बसायचंय?"

"हो."

"एकटेच?"

"एकटाच. पहिलीच वेळ आहे."

त्यानं भिंग काढलं आणि मला खालून वर न्याहाळलं. "या वयात?" म्हणाला. मग कीव येऊन मधल्या इमारतीचं मागचं दार दाखवलं. तिकडून गेलात तर ओळखीचं कुणी भेटणार नाही, असंही सांगितलं. किती समजूतदार माणूस आहे, असं मनात म्हणत मी जिना चढलो.

वर मंद दिवे. दोघेदोघे, तिघेतिघे बसलेले, कुणी मान वर करेना. लाजत असतील, वाटलं. मी प्रत्येकाला हात जोडून नमस्कार केला. काहींनी उलट केलासुद्धा. कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक जण एकटाच होता, त्यानं शेजारची खुर्ची ओढून दिली. मी म्हटलं, पहिल्यांदाच आलोय. तो म्हणाला, सगळे कधीतरी पहिल्यांदाच येतात. आणि सांगायलाच लागला: नोकरी कशी गेली, मुलगी लग्नाला बोलावते पण बोलत कशी नाही. मी भारावून ऐकत होतो. इतकं मोकळं माणसं एकमेकांशी बोलतात तर बारक्याचंही इथं भलं होईल, असं मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात वाढपी आला आणि काय घेणार म्हणून विचारलं. चहा असणार. मी म्हटलं, "सगळे घेतात तेच."

पुढे काय आलं ते तुला सांगायला नको.

मी इतक्या झटक्यात उठलो की टेबल हललं आणि अख्खा ग्लास माझ्या शर्टावर. इस्त्रीवाला हसला नाही. खिशातला रुमाल माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुम्हाला ती दुसरी बैठक हवीय. शेजारच्या इमारतीत, चित्रकलेच्या वर्गात. मंगळवारी आणि शुक्रवारी. मी जायचो."

मग सोडलं का, विचारलं. "तिथल्या खुर्च्या फार टणक आहेत," म्हणाला, आणि स्वतःच हसला. पण त्याची नजर टेबलावरून ओघळणाऱ्या दारूवर होती.

तोवर तिकडची वेळ टळली होती. घरी आलो. वाटेत एकच डोक्यात: आपल्या भाषेला काय म्हणावं. प्यायची तरी बसायचं, सोडायची तरी बसायचंच.

दादा


शुक्रवार, ७ तारीख

बारक्या,

मागचं पत्र मिळालं असेल. उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो, पण टपाल येतं तेव्हा मी दाराशीच असतो.

मंगळवारी घरी पोचलो तेव्हा तुझ्या वहिनीनं माझा शर्ट दोन बोटांत धरून बादलीत टाकला. मी सगळं सांगितलं, घड्याळवाल्यापासून. ती म्हणाली, असं कुणी चुकून जातं का? तेवढ्यात धाकटी स्वयंपाकघरात वळली आणि तिची पाठ हलताना दिसली. रडतेय असं वाटून मी मागे गेलो, तर तोंडावर पदर धरून हसत होती. तू घर सोडून परगावी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. तेवढ्यासाठी माझा शर्ट गेला तरी चालेल.

आपल्या शिलाईच्या कारखान्यात मात्र हसू आलं नाही. आपली काजेवाली त्याच गल्लीत राहते, तिनं मला मागच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बटणं लावणाऱ्या बायकांपासून इस्त्रीपर्यंत पोचलं होतं. मी दिसलो की सगळ्यांच्या माना खाली. फक्त काजेवाली जाताजाता म्हणाली, "मास्तर, धाकट्याची जागा भरताय वाटतं." मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मी जे सांगणार होतो ते तू नेमकं तसंच सांगायचास. चुकून गेलो. अंगावर सांडली.

काल दुपारी मालक आले. मी दवाखान्याच्या गाऊनचं कापड थरावर थर मांडलं होतं. कापडाला दोष आहे का बघतो म्हणून ते वाकले, पण नाक माझ्याकडे. मग मी बगलेची गोलाई कापून होईपर्यंत तिथंच उभे राहिले. ती गोलाई माझा हात झोपेतसुद्धा कापेल. काल तो थरथरला. पोटात फक्त वरण आणि चहा, आणि हात थरथरला.

मी तुझ्या मशीनपाशी उभा राहिलो की तू म्हणायचास, दादा तू सरक, टाका चुकतो. मला तो बहाणा वाटायचा. बहाणा नाही, एवढं कळवतो. सुई तुझ्या बोटातून आरपार गेली तेव्हा मी मालकांना सांगून तुला मशीनवरून उठवलं आणि तू म्हणालास मी तुझ्या पोटावर पाय दिला. ते मी आजही पुन्हा करीन. बोट राहिलं पाहिजे. पण उभा मात्र राहणार नाही.

आता आजचं. कारखान्यातून तसाच गेलो, यावेळी पुढच्या दारानं.

लहान मुलांच्या चित्रकलेचा वर्ग आहे. भिंतींवर रंगीत घरं, सगळ्या घरांना धुराडी. फळीवर मातीचं एक केळं आणि एक सफरचंद, रंग उडालेली. खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि खरंच टणक आहेत. आत आठदहा माणसं. चालवणारा लिफ्ट दुरुस्त करतो, हात तेलकट, आवाज खालचा. मी दारातच सांगून टाकलं, "मी पीत नाही. माझ्या भावासाठी आलोय."

कुणी हसलं नाही, तेच वाईट. एका नर्सबाईनं खुर्ची पुढे केली. "बसा भाऊ. मी आईसाठी आले होते."

"मी मेहुण्यासाठी," एक ट्रकड्रायव्हर म्हणाला.

"मी तर इमारतीची लिफ्ट बघायला आलो होतो," लिफ्टवाला म्हणाला. "या इमारतीला लिफ्टच नाही."

मी म्हटलं, देवाशपथ सांगतो, मी कधीच घेतलेली नाही. लिफ्टवाल्यानं शांतपणे विचारलं, "शेवटची कधी?"

"कधीच नाही. जन्मापासून."

यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. ड्रायव्हरनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, आजच्यापुरतं तेवढंच धरून ठेवा.

मी बसलो. उठून गेलो असतो तर तुला काय कळवलं असतं?

दादा


बुधवार, १९ तारीख

बारक्या,

काल धाकटीनं तुझे तीन प्रश्न सांगितले. भाजी निवडता निवडता, जसं काही कालचा बाजारभाव सांगतेय. मी तिला तीनदा विचारलं, खरंच त्यानंच विचारलं का? ती म्हणाली, "दादा, मी कशाला विचारू." मग मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. आता लिहितो.

नाव सांगावं लागतं का? नाही. मला मास्तर म्हणतात. एकाला सगळे साहेब म्हणतात, तो कचेरीत शिपाई आहे. कुणी कुणाचा पत्ता विचारत नाही. रस्त्यात दिसलं तर तू ओळख दाखवशील तरच दाखवतात. घड्याळवाला मात्र मला आता लांबूनच हात करतो. काय समजायचं ते समजला आहे.

रडतात का? रडतात. कुणी पाणी देत नाही, पाठीवरून हात फिरवत नाही, आणि ते बरं वाटतं. रडणाऱ्याला रडू देतात, तो थांबला की पुढचा बोलतो. ड्रायव्हर मागच्या शुक्रवारी रडला आणि मग म्हणाला, चला, आता भूक लागली.

देवाचं म्हणायला लावतात का? हे तू मला चिडवायलाच विचारलंस. तरी सांगतो. आपल्याहून मोठं काहीतरी आहे एवढं म्हणतात, ते काय हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लिफ्टवाला म्हणाला, "माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे जनरेटर. वीज गेली की मी त्याच्यापुढे हात जोडतो." मला आधी राग आला. घरी येऊन दिवा लावताना विचार केला, तोही अंधारातच हात जोडतो आणि मीही. राग गेला.

मारतात का, कोंडतात का, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. दार उघडं असतं. एक जण अर्ध्यात उठून गेला तर कुणी हाक मारली नाही. पुढच्या वेळी तो आला तेव्हाही कुणी काही विचारलं नाही. ते बघून मला बसवेना. माझ्यावर असतं तर मी त्याच्या मागे जिना उतरलो असतो.

एक नियम मला जड जातो. आपल्यापुरतं बोलायचं. मी "माझा भाऊ" म्हटलं की लिफ्टवाला बोट वर करतो: "तुमचं सांगा, मास्तर." मग मी गप्प. माझं काय सांगू? त्यांना वाटतं मी घाबरतो. नर्सबाई परवा जिन्यात म्हणाली, घाई नाही, येईल एक दिवस तोंडातून.

अजून कारखान्यात माझ्या तोंडाचा वास घेतात. परवा देवळात शेजारच्या माणसानंही घेतला. मी तिथं डोळे मिटून उभा होतो, पण कळतंच. तुला हे इतकी वर्षं कळत होतं ना?

तू प्रश्न विचारलेस म्हणजे येणार आहेस का, हे मी विचारत नाही. वरचं वाक्य खोडायचं होतं, पण नवा कागद घ्यावा लागेल.

दादा


शनिवार, २९ तारीख

बारक्या,

गुरुवारी तुझ्या नव्या मालकाचा, त्या गादीवाल्याचा फोन आला. तू दोन दिवस कामाला उठला नाहीस आणि सकाळी मोरीत रक्त होतं, असं तो म्हणाला. तू त्याला सांगितलंस पानाचा रंग आहे. तू पान खात नाहीस.

मी पिशवी भरली. तुझ्या वहिनीनं ती रिकामी केली. मागच्या वेळी तुम्ही गेलात आणि भावोजी खिडकीतून निघून गेले, म्हणाली. ते खरं आहे. मी पिशवी पुन्हा भरली आणि दाराशी ठेवली आणि काल संध्याकाळी बैठकीला गेलो, कारण दुसरं कुठं जायचं ते कळेना.

माझी पाळी आली तेव्हा मी "माझा भाऊ" असं म्हटलं नाही. म्हटलं, मला झोप लागत नाही. मला कडीचा आवाज ऐकू येतो, कडी वाजलेली नसते. मी घरात शिरलो की आधी वास घेतो, मग चपला काढतो. दुसऱ्याच्या शर्टाचे खिसे मी त्याच्या बायकोच्या आधी तपासतो. जिना चढणाऱ्याच्या पावलावरून मला कळतं आजची रात्र कशी जाणार. तो हसला तर मला भीती वाटते आणि गप्प बसला तरीही वाटते. मला माझं असं काही उरलेलं नाही, आणि मी एकही थेंब घेतलेला नाही.

या वेळी लिफ्टवाल्यानं बोट वर केलं नाही. मग नर्सबाई म्हणाली, "अहो, हे तर माझा नवरा बोलतो."

"खरंच पीत नाही हा माणूस," ड्रायव्हर म्हणाला.

आणि मग जे हसले, बारक्या. साहेब खुर्चीवरून घसरला. मीही हसलो, डोळे पुसत. किती दिवस टाळ्या वाजवत होते माझ्यासाठी.

हसू थांबल्यावर लिफ्टवाला म्हणाला, मास्तर, आता तुम्हाला इथं बसता येणार नाही. घरच्यांची बैठक वेगळी असते, रविवारी सकाळी, याच वर्गात. तिकडे या. ही खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी आहे. मला वाईट वाटलं. चुकीच्या खोलीतून काढलं म्हणून वाईट वाटावं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मी रक्ताचं सांगितलं. नर्सबाईचा चेहरा बदलला. आधी दवाखाना, म्हणाली, आजच. एकदम बंद करायची तीही डॉक्टरच्या देखरेखीत, नाहीतर अंगावर येतं. तिनं तुझ्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरला तिथूनच फोन केला.

मी विचारलं, त्याला हात धरून नेऊ का? लिफ्टवाला म्हणाला, "दवाखान्यात न्या. बैठकीत नेऊ नका. पत्ता द्या आणि गप्प बसा." हे गप्प बसणं त्यांना सोपं वाटतं.

घरी आलो तर धाकटी दारात उभी. तुझा फोन येऊन गेला होता. तू विचारलंस, दादा अजून जातो का तिथं? ती म्हणाली, जातात. मग तू म्हणालास, त्याला म्हणावं, इकडं कुठं भरते ते विचारून ठेव.

हे पत्र टपालात टाकत नाही. आजच्या पहिल्या गाडीनं स्वतःच घेऊन येतो. मी नकोसा झालो तरी पिशवीत तुझा धुतलेला शर्ट आहे.

दादा


पुढच्या महिन्यातला गुरुवार, दुपार

बारक्या,

तू आत आहेस. मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितो आहे. वाचनालयाच्या मागची ही खोली आमच्यापेक्षा मोठी आहे. "आमच्या" लिहून गेलो.

दवाखान्यातल्या दिवसांचं लिहीत नाही. तू होतास तिथं, मी होतो, सलाईनच्या बाटल्या होत्या. तू मला अर्वाच्य बोललास ते सिस्टरनं ऐकलं नाही असं समज. सुटी मिळाली आणि तू गादीवाल्याच्या खोलीवरच राहणार म्हणालास. मी घरी चल म्हटलं नाही. जीभ दाताखाली धरली होती.

आज सकाळी मी पत्ता तुझ्या उशीशी ठेवला आणि गप्प बसलो. फार अवघड गेलं. खिडकीतली धूळ पुसली, तुझा डबा घासला, पुन्हा घासला. शेवटी तूच म्हणालास, "तू खरंच बसलास तिथं?"

"बसलो."

"आणि त्यांना वाटत होतं की तू पितोस?"

"वाटत होतं."

"आणि तू जात राहिलास."

मी घासलेला डबा पालथा घातला. तू उठून शर्ट घातलास. बटणं लावताना वेळ लागला, मी खिडकीबाहेर बघत होतो.

इथं दाराशी सगळे बूट-चपला काढून आत जातात. तुझ्या बुटाची लेस सुटेना, बोटं ऐकत नव्हती. मी वाकलो. तू म्हणालास, "राहू दे." मग तू पायरीवर बसून ती सोडवलीस. आतल्यांची प्रार्थना म्हणून झाली तरी तू सोडवतच होतास. मग उठलास, आणि मी मागे येतोय असं वाटून वळलास. "तू नको, दादा. आता मी बसतो." दार तू लावून घेतलंस. उघडं ठेवायची पद्धत आहे, पण ते मी तुला सांगितलं नाही.

मघाशी एक जण उशिरा आला. तुम्ही येत नाही का आत, म्हणाला. मी म्हटलं, मी पीत नाही. त्यानं लगेच विश्वास ठेवला. आणि बूट काढून आत गेला.

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. आत्ता कुणीतरी बोलतंय, शब्द कळत नाहीत. तू असशील किंवा नसशील. मी दोनदा दाराशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा लक्षात आलं की तुझा आवाज असला तर तो मला ऐकायचा नाही. इतकी वर्षं तुझं मला ठाऊक नाही असं काही नव्हतं: कुठं बसलास, कुणाबरोबर, किती. आज तू काय बोललास ते मला कधीच कळणार नाही आणि मी विचारणार नाही. तू दार उघडून बाहेर येशील तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरून मी ओळखायचा प्रयत्न करीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून मी तेव्हा इथं नसेन. साडेचारची गाडी आहे. रागावून गेलो असं मनात आणू नकोस.

इथून बाहेर पडून तू उजवीकडे खोलीवर जाशील की डावीकडे चौकातल्या त्या दुकानात, हेही मला दिसणार नाही. हात जोडून बसेन गाडीत. त्यापुढे माझं काही नाही.

पत्र तुझ्या उजव्या बुटात ठेवतो, पाय घालशील तेव्हा लागेल. लेस तू सोडलीस तशीच आहे. मी तिला हात लावलेला नाही.

दादा